अरण्यस्नान : जपानांतील वनांचा एक पाठ

ज्याचा दिवस झाडापेडांतच उगवतो व मावळतो, त्या शेतकऱ्यास वनांत कसें फिरावें हें शिकवूं जाणें प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु जपानांतील या प्रघाताची हकीकत वाचल्यावर आमचें मत बदललें, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

जपानी भाषेंत यास 'शिनरिन्-योकु', म्हणजे अरण्यस्नान, म्हणतात. यांत पाण्याचा संबंध नाहीं. वनाचा वास, नाद, उजेड व स्पर्श यांत कांहीं काळ बुडून राहावें, इतकाच अर्थ. १९८२ सालीं तेथील वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनीं हें नांव प्रचारांत आणलें व त्याच सालीं नागानो प्रांतांतील आकासावा येथील वनांत पहिला मेळावा भरला.

या वनाचा इतिहास ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. येथील मुख्य वृक्ष हिनोकी. हा सरूच्या कुळांतील असून त्याचें लांकूड सुवासिक व टिकाऊ असतें. सतराव्या शतकांत किल्ले व नगरें बांधण्यासाठीं किसो खोऱ्यांत त्याची अतोनात तोड झाली. तेव्हां ओवारीच्या सरंजामदारांनीं तोडीवर कडक बंदी घातली. चोरून झाड पाडणाराचें मुंडकें जाई, असें तिकडे सांगतात. त्या काळीं राखलेलीं झाडें आज तीनशें वर्षांचीं झालीं आहेत. दर वीस वर्षांनीं नवें बांधण्यांत येणाऱ्या इसे येथील देवालयासही या मुलखांतून लांकूड जातें.

आतां स्नानाची रीत पाहूं. सोबत एक वाटाड्या असतो. तो झाडांचीं नांवें पढवीत नाहीं. मंडळींस सावकाश चालावयास लावतो. दोन-तीन तासांत फार तर मैल-दीड मैल जातात. प्रथम उभें राहून श्वास संथ करावा. मग डोळे मिटून दूरचा व जवळचा आवाज वेगळा ओळखावा. पुढें साल, शेवाळ व माती हातांनीं चांचपावी, चुरगळलेल्या पानाचा वास घ्यावा. शेवटीं एका जागीं वीस मिनिटें नुसतें बसावें. परततांना सर्वांनीं मिळून चहा घ्यावा, अशीही कित्येक ठिकाणीं चाल आहे.

याचा गुण प्रयोगानेंही पाहिला गेला आहे. जपानांतील २४ वनांत २८० तरुणांवर केलेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत शहरापेक्षां वनांत नाडीचे ठोके, रक्तदाब व मनाच्या ताणाबरोबर वाढणारा कॉर्टिसोल हा स्राव कमी आढळला. डॉ. चिंग ली यांनीं तीन दिवस वनांत राहिलेल्या लोकांच्या रक्तांतील रोगप्रतिकारक पेशींचें बळ वाढलेलें पाहिलें. झाडें कीड व बुरशी यांपासून बचावासाठीं जीं उडून जाणारीं द्रव्यें सोडतात, त्यांस ते याचें एक कारण मानतात. धान्यांत कडुनिंबाचा पाला घालणारास ही कल्पना नवलाची वाटूं नये. तथापि ली यांच्या प्रयोगांतील माणसें थोडीं होतीं. सबब अरण्यस्नान हें औषधाच्या जागीं समजूं नये.

शेतकरी म्हणेल, आम्ही तर नित्य रानांतच असतों. खरें, परंतु शेतांत आपली नजर तण मोजते, पाण्याची पाळी पाहते आणि देण्याचा हप्ता आठवते. कामाशिवाय झाडाखालीं वीस मिनिटें आपण शेवटचे केव्हां बसलों, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें.

त्यासाठीं जपानास जाण्याचें कारण नाहीं. गाडगीळ व वर्तक या शास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं आपल्या सह्याद्रींतील देवरायांवर निबंध लिहिला. तेथेंही काडी न उचलण्याच्या नेमानेंच वन राहिलें. आज तो नेम सैल होत आहे. झाड उभें असतां त्याचें मोल कांहींच नाहीं व आडवें झालें कीं रुपये, असा हिशेब गांवोगांव चालतो. हा हिशेब मांडण्यापूर्वीं गांवच्या पंचांनीं एकदां देवराईंत जाऊन बसावें. पावसाळा टाळावा, जनावराच्या भयास्तव एकटें जाऊं नये, पायांत वहाणा असाव्या. देवस्थानाची रीत असेल तेथें त्या बाहेर काढाव्या. घरच्या मुलांस बरोबर न्यावें. ज्या सावलींत आपण स्वस्थ बसलों, तिच्यावर कुऱ्हाड चालवितांना हात अडखळतो. आणि तो अडखळावा, हेंच आम्हांस या पाठाचें खरें फळ वाटतें.