सत्तावीसच्या नादी लागून

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी २७ या एका संख्येपायी अडीच वह्या भरल्या. संख्या सम असेल तर निम्मी करायची, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवायचा. असं करत राहिलं की शेवटी १ येतोच, हा लोथार कोलॅत्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा तर्क. २७ला १ वर यायला १११ पायऱ्या लागतात आणि वाटेत ती ९२३२ पर्यंत चढते. पुढे संशोधन करायचं मनात होतं, आणि सुरुवात करायची तर मोठ्यापासूनच, असा माझा खाक्या.

वडील चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये. सुट्टीत मीही जायचो. भोसरीहून निघालेली बस तळेगाव चौकात अडकली की माझी वही बाहेर. सहा महिन्यांनी 'सिद्धता' सापडली. सरांनी चौथ्या पानावर बोट ठेवलं. "प्रत्येक संख्या कधी ना कधी स्वतःपेक्षा लहान होते म्हणतोस, ते कशावरून?" कशावरूनच नव्हतं. सिद्ध करायचं तेच मी गृहीत धरलं होतं. त्या सत्रात रिअल अॅनालिसिस राहिला, तो वेगळाच.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "ज्या रस्त्यावर तुझी बस अडकते, तो नाशिकला जातो. तिथल्या देवळालीतला एक मास्तर बघ." द. रा. कापरेकर. शाळेत शिकवायचे, पदव्युत्तर शिक्षण नाही. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

मी तीन अंकांपासून सुरू केलं. दोन दिवसांत दिसलं की वजाबाकी नेहमी ९९च्या पटीत येते; किती पट, ते फक्त सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातल्या फरकावर ठरतं. म्हणजे तपासायच्या संख्या नऊच: ०९९, १९८, २९७, अशा ८९१ पर्यंत. नऊही ४९५ला जाऊन मिळतात. झाली सिद्धता! कोलॅत्झने सहा महिन्यांत दिलं नाही ते या गणिताने एका रविवारी दिलं.

मग एकच गोष्ट बदलली. दशमान सोडून अष्टमान पद्धत घेतली. तिथे ३७४वर थांबतं. पंचमानात आणि सप्तमानात मात्र थांबतच नाही, दोन संख्यांमध्ये झोके घेत राहतं. पाया सम असेल तर मुक्काम, विषम असेल तर झोका. हे सर्व पायांसाठी सिद्ध केलं तेव्हा मी शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं.

इथे दुसरी चूक. तीन अंकांचा हा सगळा हिशेब १९८८ मध्येच 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त छापून आला होता. आधी विचारलं असतं तर चार महिने वाचले असते. वाईट वाटलं, पण दोन दिवसच. सिद्धता माझ्या हाताने झाली होती आणि या वेळी ती बरोबर होती.

तिसरा प्रश्न वडिलांच्या शॉपमध्ये सापडला. सहा मीटरचे बार येतात, ऑर्डरप्रमाणे कापायचे, उरलं ते भंगार. ऑपरेटरचा नियम: मोठे तुकडे आधी. २.३ मीटरचे दोन आणि १.८ मीटरचे चार तुकडे हवेत. मोठे आधी घेतले तर पहिल्या बारात २.३चे दोन्ही, दुसऱ्यात १.८चे तीन, आणि शेवटच्या एकासाठी तिसरा बार फोडायचा. प्रत्येक बारात २.३चा एक आणि १.८चे दोन बसवले तर दोनच बार पुरतात. ब्लेडच्या जाडीला वर दहा सेंटिमीटर उरतात. तरीही हा नियम फार फसत नाही. बारांची संख्या सर्वोत्तमाच्या ११/९ पटीच्या फारशी पुढे जात नाही, हे डेव्हिड जॉन्सन यांनी १९७३च्या प्रबंधात दाखवलं. ते वाचून मी नुसती गणितं सोडवत नव्हतो. फक्त दोनच मापांचे तुकडे असतील तर काय, तीन मापांचे असतील तर काय, असे माझे प्रश्न सुरू झाले होते.

तेव्हा, प्रश्न निवडताना नावाकडे बघू नका. लहान उदाहरणं रविवारच्या दुपारी हाताने होतात का, एक अट बदलली की नवा प्रश्न निघतो का, एवढं बघा. आणि पंधरा दिवसांत कुणाला तरी दाखवा. उन्हाळ्यात एमटीटीएस हा १९९३ पासून चालणारा प्रशिक्षणवर्ग असतो, त्याला अर्ज करा. कॉलेजात विचारायला कुणी नसेल, तर श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान एरंडवण्यात आहे. पिंपरीहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक, तिथे गाडी बदलून नळ स्टॉप. वही बरोबर न्या, खोडलेल्या पानांसकट.