परसातली पिवळी फुलं : माका की वेडेलिया?



पोफळीच्या सावलीत, व्हाळाच्या काठाला हिरव्यागार चटईवर पिवळी फुलं फुललेली दिसतात. "काही न करता किती छान वाढतंय!" असं आपण म्हणतो. काही जणी तोच 'पिवळा माका' समजून तेलासाठी तोडतात. म्हणून आजचा धडा या वेलीवर.

ही वेल कुठली?
नर्सरीत हिला वेडेलिया किंवा सिंगापूर डेझी म्हणतात. नाव सिंगापूरचं, पण मूळ मेक्सिको, दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचं. शोभेसाठी लोकांनी ती देशोदेशी नेली आणि ओलसर किनारी भागात ती आपोआप पसरली. जगातल्या १०० उपद्रवी परक्या जिवांच्या यादीत रानमोडी आणि घाणेरीसोबत हिचंही नाव आहे.

ओळखायची कशी?
• माका : फुलं पांढरी, बारीक.
• पिवळा माका : फूल पिवळं, पान लांबट, निमुळतं.
• वेडेलिया : फूल पिवळंच, पण मोठं. पान जाड, चकचकीत, बहुतेक तीन टोकांचं.

खात्री नसेल तर तेलात घालू नका. बाटलीवर गटाचं नाव असतं, तेव्हा आत काय आहे याची जबाबदारीही गटाचीच.

नुकसान काय?
हिला बी कमीच धरतं. खोड जमिनीवर सरपटतं आणि पेरापेराला मुळं फुटतात. तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की नवी वेल तयार! तिच्या दाट चटईखाली अळू, भारंगी, टाकळा यांना वर यायला जागाच उरत नाही. म्हणजे आपली पावसाळी भाजी जाते.

काढायची कशी?
१. गणपतीनंतर ऊन पडू लागलं आणि माती अजून मऊ असली की मुळासकट उपटा.
२. ग्रासकटर फिरवू नका, तुकडे उडून आणखी पसरते.
३. उपटलेली वेल व्हाळात किंवा शेणकीत टाकू नका. ताडपत्रीवर कडकडीत वाळवा.
४. मोकळ्या जागेवर झावळ्यांचं आच्छादन घाला. हळद, सुरण लावा.
५. दर पंधरा दिवसांनी बघा, नवे फुटवे लगेच काढा. एकदा काढून भागत नाही.

बैठकीत बोलूया
• आपल्या वाडीत ही कुठे कुठे आहे? कोणी मुद्दाम लावली होती का?
• व्हाळाचा काठ कोणा एकीचा नाही. मग तिथली वेल कोण काढणार, कधी?

ठरलेला दिवस गटाच्या इतिवृत्तात नक्की लिहा.

— तुमची क्षेत्र समन्वयक