‘झीरो’ दाबण्याआधी

डेटा लॉगरच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेक प्रेशरच्या चॅनलसमोर ‘झीरो’ असं एक बटण असतं. पेडलवर पाय नसताना सेन्सर दीड-दोन बार दाखवत असेल, तर ते दाबायचं. आकडा शून्यावर येतो, आलेख नीटनेटका दिसू लागतो. रेसच्या गाड्यांचा डेटा बघणं हे माझं काम, आणि या कामात मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते ती या बटणाची. सेन्सर चुकत असेल तर ते त्याला ताळ्यावर आणतं, पण सेन्सर खरं सांगत असेल तर त्याचं तोंड बंद करतं. या दोहोंपैकी काय चाललंय हे बटण दाबणाऱ्यानेच आधी शोधायला हवं. बहुतेक संघांत ते कुणी शोधत नाही.

कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा ट्रॅक. ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा तिथे भरते आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे संघही तिथे गाड्या घेऊन उतरतात. तिथल्याच एका सरावात एका संघाने मला डेटा बघायला बोलावलं. चार-पाच लॅप झाल्या की मागचे ब्रेक तापायचे, पॅडचा जळका वास यायचा आणि सरळ पट्ट्यावर गाडी पळायची नाही. ब्रेक धरून राहत असतील ही शंका मुलांना आली होती, पण लॉगमध्ये सरळ पट्ट्यावर मागचं प्रेशर शून्य दिसत होतं, म्हणून ती शंका बाजूला ठेवून सगळे इंजिनाच्या मॅपिंगमागे लागले होते.

कॅलिब्रेट केलेला आकडा सोडून मी आधी सेन्सरचं कच्चं व्होल्टेज उघडलं. सेन्सर नेहमीचाच होता: ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारा, शून्य प्रेशरला ०.५ व्होल्ट आणि १०० बारला ४.५ व्होल्ट देणारा. म्हणजे एका व्होल्टला २५ बार. गाडी पिटमध्ये उभी, पेडल मोकळं. पुढचा सेन्सर ०.५० दाखवत होता आणि मागचा ०.६२. मागच्या लाइनमध्ये ३ बार. मग सकाळपासूनच्या सेटअप फायली उघडल्या. दर रनच्या आधी कुणीतरी ‘झीरो’ दाबलं होतं आणि वजा केलेला आकडा फायलीत साठत गेला होता: आधी ०.२ बार, मग ०.९, मग १.८, आता ३. रनच्या आत होणारी वाढही लॉगमध्ये होतीच, पण आलेखाची उभी पट्टी ० ते १०० बार लावलेली असल्याने दीड बारची चढण डोळ्यांना दिसत नव्हती.

तापल्यावर सेन्सरही सरकतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नव्हता. मागच्या कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून मेकॅनिकने पाना जेमतेम पाव आटा फिरवला. नळीत ब्रेक ऑइलची बारीक चिळकांडी उडाली, लॅपटॉपवर ०.६२ चं ०.५० झालं आणि मघापर्यंत हाताने न हलणारं मागचं चाक फिरू लागलं. सेन्सर दिवसभर खरं तेच सांगत होता.

कारण साधं होतं. आदल्या दिवशी पेडलची जागा बदलताना मागच्या मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला जी थोडी मोकळीक लागते तीच उरली नव्हती. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल सुटून पिस्टन पूर्ण मागे आला की ते उघडतं आणि लाइनमधलं जास्तीचं ऑइल टाकीत परत जातं. पिस्टन अर्ध्या मिलिमीटरने जरी पुढे अडकला तरी कप रबर ते छिद्र झाकून ठेवतं. मग ब्रेक तापला की ऑइल फुगतं, फुगलेल्या ऑइलला वाट मिळत नाही, प्रेशर वाढतं, पॅड आणखी घासतात, ऑइल आणखी तापतं. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू ते ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हवेतली ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला असू शकतो. ऑइल उकळलं की पेडल तळाला जातं. त्या गाडीत एक विद्यार्थी बसत होता, म्हणून हे एवढं पोटतिडकीने लिहितो आहे.

तर क्रम असा ठेवा. गाडी स्टँडवर घ्या, चारही चाकं हाताने फिरवून बघा, पुशरॉडची मोकळीक बोटांनी हलवून तपासा. मग दोन्ही लाइनचं एकेक निपल उघडा आणि उघडं असतानाच व्होल्टेज वाचा. निपल उघडं असताना आत हवेच्या दाबाखेरीज काही उरत नाही. याहून खात्रीचा शून्य गाडीवर दुसरा मिळणार नाही. तेव्हाही सेन्सर ०.५ च्या आसपास येत नसेल तरच दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा, आणि तेव्हाच ऑफसेट लावायचा. निपल पुन्हा कसून पेडल कडक लागतंय ना हे बघितल्याशिवाय गाडी हलवू नका, कारण तेवढ्यात हवा आत जाऊ शकते. लॉगर चालू होताच आपोआप झीरो घेण्याची सोय असेल तर ती बंद करा. इंजिन सुरू करताना बरेच ड्रायव्हर ब्रेक दाबून बसलेले असतात. मग तोच दाब शून्य ठरतो आणि लॅपभर उणे आकडे येतात.

उणे आकडे आले की ते दिसू नयेत म्हणून सूत्र लिहून शून्याखालचं सगळं कापून टाकणारे मी बघितले आहेत. हे कधीही करू नका. सेन्सरचा शून्य ०.५ व्होल्टवर ठेवलेला असतो तो याचसाठी की तुटलेली तार ओळखू यावी. सिग्नलची तार तुटून व्होल्टेज शून्यावर गेलं तर वर सांगितलेल्या सेन्सरचा हिशेब उणे १२.५ बार येतो. हा आकडा पाठच करून ठेवा. तो कापून शून्य केलात तर तुटलेली तार आणि न दाबलेला ब्रेक यांत फरक उरत नाही.

एक-दोन बारने काय बिघडतं, असं मला नेहमी विचारतात. समजा पुढे ४० आणि मागे २५ बार आहे. पुढचा वाटा ६१.५ टक्के. मागच्या सेन्सरने २ बार जास्त दाखवले तर तो ५९.७ दिसतो, हे चालून जाईल. पण वळणात शिरताना ड्रायव्हर ब्रेक सोडत येतो तेव्हा पुढे ८ आणि मागे ५ बार असतात. खरा वाटा तोच, ६१.५. लॉगमध्ये मात्र ८ आणि ७, म्हणजे ५३.३ टक्के. तराजूतला पासंग क्विंटलला जाणवत नाही, पण तोळ्याला बुडवतो. वळणात शिरताना गाडी बिथरते अशी तक्रार असली की आपण नेमका हाच भाग बघतो, आणि या खोट्या ५३ वर भरवसा ठेवून बॅलन्स बार पुढे फिरवला की जोरात ब्रेक मारताना पुढची चाकं लॉक होतात.

वायरिंगचं थोडक्यात. मीटर लॉगरच्या टोकाला न लावता सेन्सरच्या कनेक्टरवर लावून ५ व्होल्ट मोजा. तिथे ४.९ मिळत असतील तर १०० बारला सव्वादोन बार कमी दिसतील. सेन्सरची ग्राउंड चासीला न जोडता लॉगरलाच न्या. खात्री करायची तर पेडल मोकळं ठेवून पेट्रोल पंप आणि पंखा चालू करा. आकडा हलला तर ग्राउंड चुकीची आहे. २० मिलिव्होल्टला अर्धा बार जातो.

शून्य बरोबर आहे म्हणून वरचे आकडे बरोबर असतीलच असं नाही. कॅलिपरच्या निपलच्या जागी खात्रीचा गेज लावा, त्यातली हवा काढा, पेडल स्क्रूच्या टेकूने दाबून धरा आणि १०, २०, ४०, ६० बारला वाचन घ्या. मग उतरतानाही तेच आकडे घ्या. आपल्याकडचे गेज बहुधा किलोत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅममध्ये असतात. ५० किलो म्हणजे ४९ बार. पुढच्या-मागच्या सेन्सरमध्ये फरक दिसला तर दोघांची अदलाबदल करा. फरक सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर, जागेवरच राहिला तर वायरिंग किंवा लॉगरचं इनपुट. आणि रन संपून गाडी आत आली की ड्रायव्हरला पाय काढायला सांगून, ब्रेक गरम असतानाच, दोन्ही कच्ची व्होल्टेज वहीत लिहा. थंड आणि गरम आकड्यांत अर्ध्या बारहून जास्त फरक आला तर मी निपल उघडल्याशिवाय गाडी पुन्हा सोडत नाही.

सेन्सर लॅबमध्ये तपासून घ्यायचा असेल तर उत्तमच. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात प्रेशरचं कॅलिब्रेशन करून देणाऱ्या लॅब आहेत. पण देण्याआधी त्यांच्या डेड वेट टेस्टरमध्ये कोणतं द्रव आहे हे विचारा. पुष्कळ ठिकाणी खनिज तेल असतं. आपलं ब्रेक ऑइल ग्लायकोलचं, आणि त्याला चालणारी रबरं खनिज तेलात फुगतात. सेन्सरच्या पोकळीत राहिलेलं थोडं तेलही लाइनमध्ये उतरतं. परत आलेला सेन्सर ब्रेक क्लीनरने आतून धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवा. तेल आत गेल्याची शंका जरी आली तरी मास्टर सिलिंडरची आणि कॅलिपरची सगळी रबरं बदला, लाइन धुऊन नवीन ऑइल भरा आणि मगच गाडी ट्रॅकवर न्या.