गांठींतील विकरांची साक्ष

मटण शिजविण्यापूर्वीं त्यास कच्च्या पपईचा कीस लाविला असतां तें लौकर मऊ होतें, हें आपण घरीं पाहिलें असेल. पपईच्या चिकांतील एक पदार्थ मांसांतील प्रथिनांचे तुकडे करितो. सजीवांच्या शरीरांतील क्रिया त्वरेनें घडवून आणणाऱ्या अशा पदार्थांस विकर किंवा एन्झाइम म्हणतात. आपलें पचन त्यांच्यावांचून चालावयाचें नाहीं.

परंतु स्तनाच्या कर्करोगांत हींच विकरें घातक ठरतात. पेशींभोंवतीं प्रथिनांचें एक प्रकारचें कुंपण असतें. युरोकायनेज नांवाचें विकर रक्तांतील प्लास्मिनोजेनचें प्लास्मिन करितें आणि प्लास्मिन तें कुंपण विरघळवितें. मग रोगट पेशी वाट काढून दूरच्या अवयवांत ठाण मांडतात. काढलेल्या गांठींत युरोकायनेजचें प्रमाण अधिक असल्यास रोग उलटण्याचा संभव अधिक, असें १९८८ पासूनच्या संशोधनांत दिसून आलें. नवल असें कीं, या विकरास आवर घालणारा पी.ए.आय.-१ हा पदार्थ अधिक असणेंहि अशुभच ठरलें. काखेंतील ग्रंथींत रोग पोंचला नसून हे दोन्ही पदार्थ अल्प असतील, तर धोका बराच कमी असतो.

तथापि लक्षण म्हणजे ललाटलेख नव्हे. बंदरावर वादळाचा बावटा चढला म्हणजे होडी बुडालीच असें नाहीं. ती वेळीं किनाऱ्यास लावावी, एवढाच त्याचा अर्थ. हर-२ हें पेशीच्या आवरणावरील प्रथिन. त्याचा आंतील भाग विकराचें कार्य करितो. त्याचें आधिक्य असलेला रोग अधिक उग्र असतो, हें १९८७ सालीं कळलें. पुढें १९९८ मध्यें त्याच प्रथिनावर नेमका आघात करणारें ट्रास्टुझुमॅब हें औषध अमेरिकेंत मान्य झालें, आणि भयसूचक खूण उपचाराची मार्गदर्शक झाली.

आपल्याकडे या रोगाच्या अभ्यासास मुंबईंत बळ मिळालें. परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं डॉ. कमल रणदिवे यांनीं उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला.

मात्र विकरांची साक्ष घ्यावयाची, तर गांठ आधीं डॉक्टरांस दाखविली पाहिजे. आरंभीं ती बहुधा दुखत नाहीं. म्हणून, आणि लज्जेस्तव, पुष्कळ स्त्रिया ती लपवितात. आई, आजी वा मावशी असें कांहीं बोलल्यास तें हंसण्यावारीं नेऊं नका. प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते. परंतु ती कसली, हें तपासल्यावांचून कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं.