तांब्याच्या कड्यावरचे चरे

लष्कराच्या इंजिनीअर दलात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालो आणि सुभेदार होऊन निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं बॉम्ब निकामी करण्यात गेली. बेवारस बॅग पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथकच हाताळतं. शेतात तोफगोळा निघाला की बोलावणं आम्हाला यायचं. त्यातून शिकलेले हे पाच नियम.

१. आधी माणसांना विचारा, मग वस्तूकडे जा. नगरजवळ के.के. रेंज या लष्कराच्या गोळीबार मैदानाच्या बाजूला एकदा गेलो, तर गोळा थेट पोलीस ठाण्यात, कडुनिंबाखाली वाळूच्या बादलीत! हवालदाराने मोटारसायकलवरून आणलेला. लोकांना धोका नको, एवढाच त्याचा हेतू. मी पोटावर पडून पाहिलं. गंजलेल्या अंगावरच्या तांब्याच्या कड्यावर तिरके चरे उमटले होते. म्हणजे गोळा तोफेतून उडालेला, फ्यूज जागा झालेला, फक्त फुटायचा राहिलेला. कोरा गोळा एक वेळ परवडला, हा नाही. हवालदाराला ते चरे लांबून, दुर्बिणीतून दाखवले. तो मटकन खाली बसला. त्याला रागावणं मला जमलं नाही. हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

२. पुढे एकच माणूस जातो. बॉम्बपासून वाचवणारा सूट ३५ किलोंच्या आसपास, श्वासाने काच धुकटते. जमेल तिथे यंत्र पाठवावं. पुण्यात दिघीला डीआरडीओने बनवलेला ‘दक्ष’ रोबोट जिनाही चढतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सर्किट फोडतो.

३. वॉकीटॉकी, मोबाइल लांब ठेवा. यात सवलत नाही, साहेबांनाही नाही.

४. संपलं असं वाटतं, तेव्हा सर्वांत जपा. लेफ्टनंट कर्नल निरंजन आमच्यासारखेच सॅपर, मद्रास ग्रुपचे, एनएसजी कमांडो दलात गेलेले. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटला मेलेल्या अतिरेक्याच्या अंगावरचा ग्रेनेड फुटून ते गेले. त्यांची आठवण आली की आजही हात थांबतो.

५. स्फोटानंतर गर्दी आवरा. पोलीस ठाण्यातला तो गोळा आम्ही माळावर नेऊन, वाळूच्या गोण्या रचून उडवला. खड्ड्यातून धूर निघत होता, तोच चार पोरं तांबं वेचायला धावली. भंगारवाला किलोवर पैसे देतो ना! त्यांना अडवलं, बांधावर बसवलं आणि काडीने मातीत एक कडं काढून त्यावर तिरके चरे ओढले. धाकट्याने काडी मागून घेतली आणि शेजारी तसंच काढून दाखवलं. म्हणाला, “काका, असला आमच्या गोठ्यात हाये.”

आम्ही पुन्हा सूट चढवला.