धर्मग्रामाचे पाककृतीपुस्तक विकताना

पुस्तक घेण्याचे वचन आणि पुस्तकाची रोख किंमत यांत किती अंतर असते, हे जाणून घ्यावयाचे असेल त्याने एखाद्या चर्चच्या महिला मंडळाची खातेवही एकवार नजरेखालून घालावी. वसईकडील आमच्या धर्मग्रामातील भगिनींनी घरोघरच्या पाककृती संकलित करून, त्यांच्या विक्रीतून सभागृहाच्या दुरुस्तीस हातभार लावण्याचे योजिले, तेव्हा खजिनदारीचे काम माझ्याकडे होते. आणि रविवारच्या मिस्सेनंतर आवारात उत्साहाने नावे सांगणाऱ्या कुटुंबांची यादी इतकी लांबली की, छपाईच्या प्रतींचा आकडा मंडळाने त्याच यादीवरून मुक्रर केला. परंतु कोणाची पाककृती उशिरा आली, कोणाची मुद्रिते परत येईनात, आणि अशा कालहरणात नाताळापूर्वी निघावयाचे पुस्तक राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, हाती पडले. फुगे आणि पोर्क इंद्याल अशा पदार्थांनी गजबजलेला तो ग्रंथ, उपवासकाळासाठी मांस वर्ज्य केलेल्या माणसांपुढे धरण्याचा प्रसंग आला; बहुतेकांनी ‘ईस्टरनंतर पाहू’ म्हटले, आणि मुद्रकाची बाकी मात्र ईस्टरपर्यंत थांबावयास राजी नव्हती.

वास्तविक अशा पुस्तकांची परंपराच प्रसंगाच्या आश्रयाने वाढली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६४ साली, मारिया मॉस यांचे पाककृतीपुस्तक फिलाडेल्फियाच्या सॅनिटरी फेअरमध्ये, म्हणजे आजारी व जखमी सैनिकांच्या साहाय्यार्थ भरलेल्या जत्रेत, विक्रीस आले. तेथे येणारा मनुष्य सत्कार्यास पैसे द्यावयाच्या तयारीनेच घराबाहेर पडलेला होता. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, पुस्तकाची तारीख मुद्रकाच्या सोयीने न ठरविता चर्चच्या पंचांगावरून ठरवावी. नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रती मेजावर मांडलेल्या असाव्यात, यासाठी मजकूर पावसाळ्यातच छापखान्यात गेला पाहिजे. ती संधी हुकलीच, तर ईस्टरनंतरचे दिवस साधावेत. कारण तेव्हा लग्नसराई असते, घरोघरी वर्षाचा बॉटल मसाला कुटला जातो, आणि परदेशी नोकरीस असलेली मंडळी सुटीवर गावी येतात.

दुसरे असे की, नाव नोंदविताना निदान निम्मी रक्कम घेऊन पावती द्यावी, आणि छपाईचा आकडा पावत्यांवरूनच काढावा. प्रत्येक पाककृतीखाली ती देणाऱ्या भगिनीचे नाव छापावे. त्या नावापोटी तिचे माहेर आणि सासर दोन्ही पुस्तक घेतात. परंतु आप्तांची संख्या मर्यादित असल्याने, त्यापुढची विक्री पुस्तकाच्या उपयुक्ततेवरच अवलंबून राहते. ‘अंदाजाने मसाला’ हे शब्द आखाती देशांत एकट्याने स्वयंपाक करणाऱ्या तरुणास निरुपयोगी आहेत. त्यास ग्रॅमचे प्रमाण हवे, आणि खुद्द बॉटल मसाल्याची कृतीही हवी. सणाच्या दिवशी मेजावर पुस्तकातील कृतीनेच केलेले फुगे ठेवावेत व शेजारी ते पान उघडे असावे. यापेक्षा परिणामकारक जाहिरात माझ्या पाहण्यात नाही.

पुस्तकविक्रेते साधारणतः तीस ते चाळीस टक्के कमिशन घेतात. ते वजा जाता खर्च भागेल अशी किंमत आरंभीच ठरवावी. आमच्या काही प्रती एका विक्रेत्याकडे तोंडी बोलीवर राहिल्या आणि त्यांची वसुली अखेरपर्यंत झाली नाही. यास्तव दर प्रसंगी सहीची पोच घ्यावी व दर तिमाहीस हिशेब मागावा. याखेरीज, सार्वजनिक ग्रंथालयांस पुस्तके देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशनानंतर तीस दिवसांत, मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालय धरून, ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांस प्रत पाठविणे बंधनकारक आहे. त्या प्रती व त्यांचा टपालखर्चही जमाखर्चात धरावा.

शेवटी, जमा, खर्च, उधारी आणि शिल्लक यांचा तक्ता चर्चच्या फलकावर लावण्यास संकोच करू नये. दुरुस्तीच्या खात्यात किती रुपये पडले, हे ज्यास डोळ्यांनी दिसते, तोच दुसऱ्या आवृत्तीसाठी न मागता आगाऊ पैसे देतो.