चंक्रमण आणि मातापित्यांची सेवा
(वृद्धांच्या पायांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांविषयी)

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी तरुण सिगालाला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाने मातापित्यांचा सांभाळ करावा, हे त्यांतील एक प्रमुख कर्तव्य. ज्या आईने दुसऱ्याच्या शेतात भांगलण करून आपल्याला शिकवले, तिला आता काडीचेही काम पडू नये, असे आपल्याला वाटते. म्हणून आपण म्हणतो, "आई, तू उठू नकोस. ताट जागेवर आणून देतो." भावना चांगली आहे, पण या सेवेतच एक धोका दडलेला आहे. तो समाजबांधवांच्या, विशेषतः विद्यार्थ्यांच्या, ध्यानी यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

हृदय रक्त पायांपर्यंत पोचवते. परंतु ते परत वर चढवण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना हे स्नायू आवळतात व शिरांतील रक्त वर ढकलले जाते. माणूस तासन्‌तास बसून वा पडून राहिला, तर रक्त पायांत संथ होते आणि खोल शिरेत गुठळी धरू शकते. तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकला, तर जिवावर बेतते. उतारवय, खुब्याची वा गुडघ्याची शस्त्रक्रिया, कर्करोग, लठ्ठपणा, दीर्घ अंथरूण आणि पूर्वी होऊन गेलेली गुठळी यांमुळे हा धोका वाढतो.

या विषयाचा पाया घालणारे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांचा जन्मदिवस १३ ऑक्टोबर. २०१४ पासून तो गुठळ्यांविषयी जागृतीचा जागतिक दिवस म्हणून पाळला जातो. दुसऱ्याच दिवशी, १४ ऑक्टोबरला, आपण १९५६ च्या धम्मदीक्षेचे स्मरण करतो. त्या सुमारास आपले कितीतरी वृद्ध कोल्हापूरहून दीक्षाभूमीला निघतात. महाराष्ट्र एक्सप्रेसने गेले तरी एक अख्खा दिवस आणि रात्र प्रवासात जाते. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसणे हेसुद्धा गुठळीचे एक कारण आहे. शिवाय लघवीला जावे लागेल या भीतीने म्हातारी माणसे पाणीच पीत नाहीत.

दुसरा काळ पावसाळ्याचा. कोल्हापूरच्या पावसात निसरड्या वाटेमुळे वृद्धांचे फिरणे बंद होते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तिथेही ती मांडी घालून बराच वेळ बसतात.

यावर आपण काय करावे?

१) दर तासा-दोन तासांनी आई-वडिलांना उठवून घरातल्या घरात चालवावे. तोल जात असेल तर हात धरावा. ग्रंथवाचनातही मध्ये थोडी विश्रांती ठेवावी व वृद्धांना खुर्ची द्यावी.

२) उठता येत नसेल, तर पडल्या पडल्या पाऊल वर-खाली हलवायला सांगावे. प्रवासात बसल्या जागी टाच व चवडा आलटून पालटून उचलावा.

३) पाणी वेळोवेळी द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

४) शस्त्रक्रियेपूर्वी, आधी कधी गुठळी झाली असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. "कधी उठवायचे? गुठळी होऊ नये म्हणून काय करायचे?" हे विचारण्यात संकोच नको. घरी आल्यावरही काही आठवडे धोका राहतो.

५) रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने सुरू वा बंद करू नयेत. वॉरफेरिन चालू असेल तर रक्ताची तपासणी चुकवू नये, पालेभाजीचे प्रमाण एकदम बदलू नये आणि दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नये; रक्तस्राव होऊ शकतो. घट्ट पायमोजेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घालावेत.

६) एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम वा लाल झाली, तर तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले वा भोवळ आली, तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे जागरूकपणे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, उद्योगाची क्षमता वाढते, रोग कमी होतात, अन्न पचते आणि मिळालेली समाधी दीर्घकाळ टिकते. भिक्षूंना दिलेली ही शिकवण आपल्या घरातील म्हाताऱ्या आईलाही लागू पडते.

विनयपिटकात अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्षूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचावर निजवले आणि रुग्णसेवा ही आपलीच सेवा असल्याचे संघाला समजावले. आपली सेवा याहून सोपी आहे. संध्याकाळी अभ्यासाचे पुस्तक मिटून विद्यार्थ्याने आजीला म्हणावे, "चल, दारापर्यंत जाऊन येऊ." ती कुरकुर करील, "पाय दुखत्यात रं" म्हणेल. तरीही हात पुढे करावा आणि तिच्या चालीने चालावे.

जय भीम!